बिअर नाही, बूट कितीचे?

नाही. बिअर नाही. बाटलीतली नाही, नळाची नाही, मागच्या खोलीत लपवून ठेवलेली सुद्धा नाही, आणि अहो, माझ्याकडे असं डोळे वटारून बघितलंत म्हणून काही ती उगवणार नाही! फ्रिज? फ्रिज चालू आहे की. आत माझ्या बहिणीनं केलेलं बटाट्याचं सॅलड आहे, हवंय? नकोय ना? कुणालाच नको असतं. मग झालं तर. बिअर नाही. बूट कितीचे, नंबर बोला.

मिस्टर कूपमन, ती गाडीची किल्ली आधी खिशात घाला बघू. दारात उभं राहून किल्ली वाजवताय, माझ्या जिवाचं पाणी होतंय इकडे. मला का कळत नाही? तुमचं बास्कमचं बोलिंग जळलं, वाईट झालं, बूट जळले, बॉल वितळले, आठ टीमा रस्त्यावर आल्या. आता आठही टीमा घेऊन आख्खा हिवाळा दर बुधवारी कुठे जायचं, ते तुम्ही आज रात्री ठरवणार. इकडे हॉलमला माझ्याकडे, नाहीतर तिकडे डूब्रोला, जिथे निळे-जांभळे दिवे लागतात आणि पिना पडल्या की पडद्यावर डुक्कर नाचतं. आणि तिथे बिअर आहे. कळतंय मला! तुम्ही गेलात ना, तर वसंतात मी ह्या दाराला फळ्या ठोकीन. सहा लेन आहेत माझ्या. पोराटोरांच्या वाढदिवसांवर सहा लेन चालत नाहीत हो. पण जायच्या आधी ऐकून तरी घ्या बिअर का नाही ते. मी काही तक्रार करणाऱ्यातला माणूस नाही…

हसायला काय झालं?

तर तुम्हाला सांगतो, बिअर नाही कारण मी नाही. म्हणजे मी आहे, हा काय तुमच्यासमोर पोट घेऊन उभा आहे, पण माझी कंपनी नाही. टॉर्गर्सन लेन्स. बाहेर पाटी आहे, आत लेन आहेत, लेनवर पिना आहेत, संडासात पाणी आहे, पण राजधानीत सरकारच्या तिसऱ्या मजल्यावर विचारा… नाही! बरखास्त! आणि कंपनी नाही तर काउंटी बिअरचा परवाना देत नाही. काउंटीतला परवान्याचा माणूस म्हणाला, "लायल, मला सगळं दिसतंय रे, मी गेल्याच आठवड्यात तुझ्याकडे लेन चारवर खेळलो. पण राज्याकडून एक कागद आण, की टॉर्गर्सन लेन्स जिवंत आहे." आता जिवंत असल्याचा कागद कुठून आणू? तू खेळलास ना तिथे गधड्या? मग कुठे खेळलास, स्वप्नात?

आता कंपनी मेली कशी, ते ऐका. माझा बाप हॅल्वर टॉर्गर्सन. ह्या लेन त्यानं बांधल्या. ही जमीन बघा, मेपलच्या लाकडाची आहे, एकेक फळी त्यानं गुडघ्यावर बसून घासलीय. गुडघे गेले त्यात त्याचे. तर बापानं कुठल्याशा वकिलाचं ऐकून ह्याची कंपनी केली, आणि कंपनी केली की सरकारला एक नाव द्यावं लागतं, सरकारी टपाल कुणाच्या नावानं पाठवायचं त्याचं. बापानं स्वतःचं दिलं. बरोबरच आहे, दुसऱ्या कुणाचं देणार? पुढे बाप वारला. दर वर्षी त्या तिसऱ्या मजल्याकडून एक पाकीट यायचं, श्रीयुत हॅल्वर टॉर्गर्सन यांस. आता मला सांगा, आपल्याकडे दुसऱ्याचं टपाल कुणी फोडतं का? मी बापाचं टपाल तो जिवंत असताना फोडलं नाही, फोडलं असतं तर त्यानं हात मोडला असता. मग मी काय केलं? कुठलाही सभ्य माणूस करील तेच केलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "वारले. परत पाठवा." आणि दिलं पोस्टात टाकून. पुढच्या वर्षी परत पाकीट. परत लिहिलं, "वारले." तिसऱ्या वर्षी परत आलं, तेव्हा मी जरा चिडलो होतो, तर लिहिलं, "अजूनही वारलेलेच आहेत!"

त्या पाकिटात कंपनीचा वर्षाचा अहवाल भरायचा कागद होता म्हणे. मला काय स्वप्न पडलं होतं? भरलेला कागद त्यांच्याकडे आला नाही, तीनदा आला नाही, वर "वारले" असं लेखी उत्तर आलं. त्यांनी कंपनी बरखास्त केली. आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा! बोला की! बिअर नाही. तुम्ही, लाल टोपीवाले, तुमचा बुटांचा नंबर काय? नऊ? हे घ्या नऊ. नाड्या घट्ट बांधा.

गेलो मग राजधानीला. चार तास गाडी हाकत. तुम्ही कधी गेलायत त्या ऑफिसात? जाऊ नका. राज्याचा सेक्रेटरी म्हणजे कोण हो? गव्हर्नर माहीत असतो, शेरीफ माहीत असतो, पण हा माणूस करतो काय हे कुणाला तरी माहीत आहे का? मी सांगतो. सगळं त्याच्याकडे! निवडणुका त्याच्याकडे, कंपन्या त्याच्याकडे, नोटरी त्याच्याकडे, राज्याची ती मोठी मोहोर त्याच्याकडे, कुणी कुठल्या ट्रॅक्टरवर कर्ज काढलं त्याची नोंद त्याच्याकडे. गव्हर्नर नुसती सही करतो, त्या सहीवर मोहोर हा मारतो. आणि स्वतः दर चार वर्षांनी निवडून येतो. निवडणूक घेणार कोण? हाच! आणि नाव काय, तर प्रेस्टन गॅडबरी. त्याचा फोटो. दारात फोटो, लिफ्टमध्ये फोटो, जिन्याच्या प्रत्येक वळणावर फोटो, सगळ्यात दात. मी चढतोय, तो हसतोय. मी उतरतोय, तो हसतोय. चढउतर किती झाली ते मलाच माहीत.

तिसऱ्या मजल्यावर मिसेस पिंकनी. आवाज असा गोड, की दात दुखावेत. "अरेरे, मिस्टर टॉर्गर्सन, वडील वारल्याचं ऐकून फार वाईट वाटलं हो." मी म्हटलं, बाई, बरीच वर्षं झाली, पण आभारी आहे, आता माझी कंपनी परत करा. "पण कंपनी तर बरखास्त झालीय." चुकून झालीय. "चुकून कशी? तुम्हीच आम्हाला कळवलंत." मी बापाचं कळवलं! "हो, पण पाकिटावर कंपनी होती ना, केअर ऑफ वडील. तुम्ही लिहिलंत वारले. कोण वारलं ते नाही लिहिलंत." तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात ज्या शिव्या आल्या त्या मी नॉर्वेजियनमध्ये दिल्या, त्या बाईला वाटलं मी प्रार्थना करतोय. ती म्हणाली, "आमेन."

मग म्हणाली, जिवंत करता येईल. आता बोललात बाई! मी सगळं लिहून दिलं, सह्या केल्या, आता बापाच्या जागी माझं नाव घातलं. म्हटलं, कधी होईल? "नेहमी आठवडाभरात होतं हो." मी टाळीच वाजवली. "पण आत्ता निवडणूक आहे ना… आमची सगळी माणसं दुसऱ्या मजल्यावर दिलीयत. मी एकटीच उरलेय. थँक्सगिव्हिंगपर्यंत, नोव्हेंबरच्या अखेरीला बघू." थँक्सगिव्हिंग! तोवर बास्कमवाले डूब्रोला डुकराचा नाच बघत असतील! हो, तुमच्याबद्दलच बोलतोय मिस्टर कूपमन, तुमचं बोलिंग त्याच आठवड्यात जळलं होतं, तुमचा फोन मला येऊन गेला होता. मी तिला म्हटलं, बाई, माझं दुकान जाईल. तर म्हणते, "दुकान तर गेलंच आहे ना, नोंदीप्रमाणे."

उतरलो दुसऱ्या मजल्यावर. म्हटलं ठीक आहे, तुम्ही माझ्या कामाची माणसं पळवलीत काय, मग मी पण बघतो. कारण हॉलमचं मतदान कुठे होतं? इथे! टाउन हॉलचं छप्पर बर्फानं बसलं तेव्हापासून इथेच, ह्या लेनवर. दुसऱ्या मजल्यावर एक पोरगेला साहेब, व्हिटलो नावाचा, चष्मा कपाळावर आणि चष्माच शोधतोय. मी म्हटलं, साहेब, टॉर्गर्सन लेन्स बंद. मतदान दुसरीकडे न्या. तो असा उडाला खुर्चीतून! "बंद? बंद कसं? छापून गेलंय! मतदारांना कार्डं गेलीयत! जागा बदलता येणार नाही!" अहो पण ती कंपनी अस्तित्वातच नाही. "कोण म्हणतं?" तुमचा तिसरा मजला. "इमारत उभी आहे ना?" आहे. "छप्पर?" आहे. "अपंगांसाठी उतरता रस्ता?" आहे, बापानं केलेला, गुडघे गेल्यावर. "मग आहे की कंपनी!" मी म्हटलं, हात्तिच्या! मग एवढंच लिहून द्या, मी काउंटीला दाखवतो. तर चष्मा नाकावर घेऊन म्हणतो कसा, "छे छे, कंपनी आहे की नाही हे सांगणं आमचं काम नाही. ते तिसऱ्या मजल्याचं."

आणि मागे भिंतीवर गॅडबरी हसतोय.

म्हणजे बघा हं. एकच ऑफिस. वरच्या मजल्यावर मी नाही म्हणून बिअर विकायची नाही. खालच्या मजल्यावर मी आहेच आहे म्हणून मतदानाच्या मंगळवारी पहाटे दार उघडायचं, नाही उघडलं तर गुन्हा. मधल्या जिन्यात मी कोण होतो, कुणाला माहीत! मी जिन्यातच बसलो थोडा वेळ. खोटं कशाला बोलू, रडू आलं मला. बापाच्या नावावर मी स्वतःच्या हातानं "वारले" लिहिलं आणि त्याचं दुकान मारलं, हे डोक्यातून जाईना. तिथून कुणी शिपाई चालला होता, त्यानं विचारलं, "मदत करू का?" मी म्हटलं, नको, तू पण कुठल्यातरी मजल्याचा असशील.

बिअर नाही, काकू. तुम्हाला बूट कितीचे? सात? सातचा एक जोड आहे, डावा जरा हसतो पुढून, पण चालेल.

आता कालचा दिवस. काल मंगळवार, मतदान. माझी थोरली बहीण अर्डिस केंद्राची प्रमुख. ते बटाट्याचं सॅलड करणारी. बाप गेल्यावर मला वाटलं होतं आता मला कुणी ओरडणार नाही, पण बापानं जाताना सगळा आवाज हिला देऊन ठेवला. दर निवडणुकीला ही पहाटे टेप घेऊन येते आणि दारापासून शंभर फूट मोजते. शंभर फुटांच्या आत उमेदवाराचं नाव नाही, फोटो नाही, बिल्ला नाही, टोपी नाही. तिकडे पेट्रोल पंपाच्या पलीकडे बिटाचं शेत सुरू होतं ना, तिथे बरोबर शंभर भरतात. एका वर्षी आमच्या पाद्र्याला तिनं परत पाठवलं, का तर त्याच्या गाडीवर स्टिकर होता. पाद्री म्हणाला, "अर्डिस, मी मत द्यायला आलोय." ही म्हणाली, "गाडी मत देत नाही. गाडी शेतात लावा."

आणि आमची एक पद्धत आहे, तुम्हाला माहीत नसेल. मतदानाचे आडोसे लेनवर मांडतात, म्हणजे बापाच्या मेपलवर. तर हॉलममध्ये मतदान बोलिंगच्या बुटात होतं! अख्खं गाव! बर्फाचे बूट दारात काढायचे, माझ्याकडून नंबर सांगून बूट घ्यायचे, मत द्यायचं, बूट परत. कुणी सांगत नाही, सगळे आपणहून करतात, बापाच्या मेपलसाठी. फुकट हं! मी एकदा नुसतं म्हणालो, की एक डॉलर ठेवू का डब्यात, तर अर्डिस अशी अंगावर आली, "मत द्यायला पैसे घेतोस? तुरुंगात जाशील, आणि मी डबा पाठवणार नाही!"

तर काल पहाटे ती आली, टेपनं मोजून झालं, आणि भिंतीकडे बघून किंचाळली. काय झालं? राजधानीहून आलेले सरकारी फलक लावले होते मी, तिनंच लावायला सांगितलेले. "शंभर फुटांच्या आत कोणत्याही उमेदवाराचे नाव दिसता कामा नये." आणि खाली, ह्या एवढ्या अक्षरात, "आपला नम्र, प्रेस्टन गॅडबरी, राज्य सचिव." गॅडबरी उमेदवार! ह्या वर्षी पुन्हा उभा! फलकच फलकाच्या विरुद्ध! मी पोट धरून हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो. ती म्हणाली, "दात काय काढतोस, झाक ते!" कशानं झाकू? "काहीही!" मग माझ्याकडे बुटांच्या नंबराचे गोल स्टिकर असतात ना, ते लावत सुटलो. प्रत्येक फलकावर गॅडबरीच्या जागी साडेसात. मतपेटीवर त्याचं नाव… साडेसात. "मी मतदान केले" बिल्ल्यांच्या डब्यावर सुद्धा त्याचं नाव! साडेसात! जिवाला असं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि दुपारी तो आला.

कोण काय विचारता? गॅडबरी! तो स्वतः! काळी गाडी, मागे कॅमेरावाला, बूट असे चकचकीत की त्यात माझं छत दिसावं. लहान गावांचा दौरा होता म्हणे. दात पुढे, मागून हात, "नमस्कार, नमस्कार, कसं चाललंय हॉलम?" अर्डिस दारात आडवी. "तुम्ही उमेदवार आहात. शंभर फूट. शेतात जा." तो हसला. "बाई, मी ह्या खात्याचा प्रमुख आहे. निवडणूक मीच घेतोय. पाहणीला आलोय." ती म्हणाली, "मग ठरवा. दोघांपैकी कोण आलंय? उमेदवार आला असेल तर शेतात. प्रमुख आला असेल तर आत या, पण कॅमेरा शेतात, हात मिळवायचे नाहीत, आणि ते दात बंद." तो कॅमेरावाल्याकडे बघतो, शेताकडे बघतो, शेतात चिखल. म्हणाला, "प्रमुख आलाय." "ठीक," म्हणाली. "बूट काढा. नंबर?" आणि राज्याचा सेक्रेटरी माझ्या काउंटरपाशी एका पायावर उभा राहून म्हणाला, "अकरा."

दिले अकरा. लाल-हिरवे, मागे मोठा आकडा. आत फिरला, फलक बघितले, सगळीकडे साडेसात. एका फलकापाशी थांबला, स्टिकरवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं हीच वेळ आहे. लोक रांगेत उभे आहेत, सगळं गाव ऐकतंय. मी म्हटलं, साहेब, एक विचारू? तुम्ही आत्ता कुठे उभे आहात? "टॉर्गर्सन लेन्समध्ये," तो म्हणाला, "सुंदर जागा आहे." मी म्हटलं, तुमच्या तिसऱ्या मजल्याप्रमाणे ही जागाच नाही. आणि सांगितलं सगळं. बाप, पाकिटं, मिसेस पिंकनी, व्हिटलो, बिअर, बास्कम. भडाभडा सांगितलं. तुम्ही म्हणाल राजकारणी तो, पण ऐकलं हो त्यानं. आणि फोन काढला! मिस्टर कूपमन, फोन काढला त्यानं, कानाला लावला आणि म्हणाला, "मिसेस पिंकनीला द्या. एका मिनिटात करून देतो तुमचं." एका मिनिटात! मला तुमच्या आठ टीमा दिसायला लागल्या, नळातून फेस दिसायला लागला, बाप दिसायला लागला…

"फोन ठेवा!"

कोण? अर्डिस! माझी सख्खी बहीण! "मतदान केंद्रात उमेदवारानं मतदाराला काहीही द्यायचं नाही. काडीपेटी नाही, चॉकलेट नाही, कंपनी नाही." तो म्हणाला, "बाई, पण मी प्रमुख म्हणून…" "प्रमुखांना सकाळी द्यायला सुचलं नाही, काल सुचलं नाही, दोन महिने सुचलं नाही. मतदानाच्या दिवशी मतदारासमोर जो देतो तो उमेदवार." मी म्हटलं, अर्डिस, अगं, बापाचं दुकान आहे! तुझा पण बाप होता तो! तेव्हा ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "म्हणूनच. बापाच्या मेपलवर कुणी मत विकत घेतलं असं मी होऊ देणार नाही." आणि त्याला म्हणाली, "उमेदवार झालात. शेतात चला."

हाकलला त्याला! टेप हातात घेऊन, पार पंपाच्या पलीकडे! कॅमेरावाला धावतोय मागे, गाव टाळ्या वाजवतंय, आणि मी इथे काउंटरवर डोकं टेकून उभा, एका मिनिटाच्या अलीकडे राहिलेलो. ह्यात माझं काय चुकलं, सांगा!

आता तुम्ही म्हणाल, मग दिलं असशील त्याच्या विरुद्ध मत, उगवला असशील सूड. मी पण तेच ठरवून आडोशात गेलो. पेन असं घट्ट धरलं की मोडेल. राज्य सचिव, एकाला मत द्या. प्रेस्टन गॅडबरी. खाली बघतो… कुणी नाही! एकटाच! समोर कुणी उभंच नाही त्याच्या! अरे, मग आम्ही दिवसभर हे साडेसात कुणासाठी चिकटवत होतो? कुणावर अन्याय होणार होता? शंभर फूट मोजले कुणापासून? खाली एक रिकामी ओळ असते, आपल्या पसंतीचं नाव लिहायला. मी अर्डिसला हाक मारून विचारलं, कुणाचंही लिहू का? "ज्यानं आधी नोंदणी केलीय त्याचंच मोजतात." नोंदणी कुठे? "दुसऱ्या मजल्यावर."

दिलं मत. त्यालाच दिलं. काय करणार? निदान फोन तरी काढला होता.

संपलं नाही अजून. दिवस संपला, मोजणी झाली, बूट मांडणीवर लावायला घेतले, तर अकराचा खण रिकामा. आणि इथे काउंटरखाली… हे बघा. चकचकीत. तो माझे बूट घालूनच शेतात गेला आणि तिथून तसाच गाडीत! त्याला बूट बदलायला परत येऊ देणार कोण, अर्डिस? आज सकाळी मी फोन केला. म्हटलं, साहेबांचे बूट माझ्याकडे आहेत, माझे त्यांच्याकडे, अदलाबदल करू, आणि जाता जाता माझ्या कंपनीचं तेवढं… मिसेस पिंकनीनंच उचलला. "अरेरे, मिस्टर टॉर्गर्सन," म्हणाली, "बूट कंपनीचे आहेत का?" हो, कंपनीचे. "मग कसे परत करू? कंपनी नाही ना. तुमच्यासारख्या कुणाही माणसाच्या हातात कंपनीची मालमत्ता कशी देणार?" मी म्हटलं, मग कंपनी जिवंत कधी? तर म्हणते, "आता मतमोजणी पक्की करायला सगळे दुसऱ्या मजल्यावर गेलेत. ख्रिसमसपर्यंत बघू."

म्हणून बिअर नाही. रूट बिअर आहे, म्हणजे नावाची बिअर, नुसतं गोड सोडापाणी, कॉफी आहे, सॅलड आहे, लेन सहाच्या सहा चकाचक आहेत, कारण काल अख्ख्या गावानं बोलिंगच्या बुटांनी पुसल्यात. डूब्रोला डुक्कर नाचतं, इथे नाही नाचत. जायचं असेल तर जा, मी अडवणारा कोण? कागदोपत्री मी नाहीच. फक्त दार हळू ओढा, बिजागरी जुनी आहे.

काय मिस्टर कूपमन? किल्ली… किल्ली खिशात घातलीत? बसलात? जोडे काढताय? अहो, म्हणजे… नाही, काही नाही, डोळ्यात पावडर गेली बुटांची. बोला, बूट कितीचे?

अकरा.

तुमचे पण अकराच का हो? बारा चालणार नाही? साहेबांच्या ह्या बुटांना हात लावायचा नाही, अर्डिसनं चिठ्ठी लावून ठेवलीय, सरकारी पुरावा. थांबा… थांबा जरा. वरच्या फळीवर एक अकराचा जोड आहे. इतकी वर्षं कुणाला दिला नाही. तपकिरी, तळवे नवे आहेत, टाचेला आत H. T. लिहिलंय. हो, बापाचेच. असे बघू नका, घाला. घाला हो, घट्ट बांधा. तो काही मागायला यायचा नाही आता, मी सरकारला तीनदा लिहून कळवलंय.